मारणारा आधी, मार खाणारा मागून

"तू मला ओळखत नाहीस! मी कोण आहे हे तुला ठाऊक नाही!"

हे ओरडणारा गृहस्थ त्या वेळी जांभळ्या फुलाफुलांच्या हाफ चड्डीत होता. डोक्यावर वॉटर पार्कातली भाड्याची नायलॉनची टोपी होती आणि छातीवरून पाणी गळत होतं. त्याने ज्याचं मानगूट धरलं होतं तोही तसल्याच चड्डीत, तसल्याच टोपीत. कोण कुणाला धरून आहे हे त्यांच्या बायकांनासुद्धा सांगता आलं नसतं. ज्या रबरी ट्यूबवरून हा जाळ पेटला होता ती ट्यूब तिसऱ्याच कुणीतरी पळवली होती. मोठ्या घसरगुंडीच्या ओल्या जिन्यावर हे दोघं लोंबकळत होते आणि खाली अर्धा पुणे जिल्हा रांगेत उभा राहून माना वर करून बघत होता.

"न्हाई वळखत, भाऊ!" खालून आवाज आला. "आंगावर कापडं चढवून या, मंग वळखते!"

रांग खदखदून हसली. हा आवाज चंद्राक्का मातेरेचा. माझ्याजवळ पार्काचा माइक होता. हरवलेली पोरं, सापडलेले चष्मे, संपलेली मिसळ, सगळ्याची घोषणा मीच करायचो. माझ्या दिमतीला पुरुषभर उंचीचे चार भोंगे होते. पण आक्का तळ्याकाठी नुसती खाकरली तरी घोटवड्यातला चहावाला विचारायचा, "कितीक कप पाठवू?" तिच्या हातात वॉकीटॉकी होती, पण ती दागिन्यासारखी. तिच्यातून बोललेलं रिह्याच्या खोऱ्यात आधी पोचायचं आणि यंत्रातून मागाहून.

आक्का जिना चढून वर गेली. तिने दोघांपैकी कुणालाही हात लावला नाही. कमरेला खोचलेली एक इवलीशी गुलाबी चप्पल काढली, वर धरली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आरं, ह्ये कुनाचं? ह्या चपलंचं प्वार कुटं गेलं?"

बस. मानगूट सुटलं. दोघं जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले. "कुठे पडलं? किती वर्षांचं होतं?" 'मी कोण आहे' हे विसरून तो ओरडणारा गृहस्थ चार पायऱ्या पळत उतरला. तोवर दुसऱ्याला आमच्या रामशरणने, आक्काच्या हाताखालच्या बिहारी गार्डने, टॉवेलात गुंडाळून मागच्या बाजूने नेलंही होतं.

त्या चपलेचं पोर आजतागायत सापडलेलं नाही, कारण ते नव्हतंच. चप्पल आक्काच्या नातीची, तिला आखूड झालेली. त्या एका चपलेने जेवढ्या मारामाऱ्या मोडल्या तेवढ्या तालुक्यातल्या सगळ्या दंडुक्यांनी मिळून मोडल्या नसतील.

आक्का पन्नाशीच्या पुढची. ठेकेदाराने दिलेला निळा शर्ट ती नऊवारीवरच घालायची. पँट घालायला तिने साफ नकार दिला होता. मॅनेजर साहेबांनी एकदा तिला गणवेशाचं महत्त्व समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "सायेब, पाव्हणं हितं कापडं काढाया येत्यात. म्या तरी पुरी घालते." साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला विचाराल तर साहेबांनी त्यानंतर कुठलाच विषय काढला नाही.

पार्क उभा राहिला ती जमीन रिह्याच्या खोऱ्यातली, भाताची. आक्काच्या सासरच्यांचीही त्यात होती. जमीन विकली तेव्हा बोलीत ठरलं होतं की घरटी निदान एकाला नोकरी. मातेऱ्यांच्या घरात तिघांना मिळाली: आक्का सिक्युरिटीत, मुलगा ज्ञानेश्वर पार्काच्या बसवर ड्रायव्हर, सून कॅन्टीनमध्ये. म्हणजे आख्खी चूल पार्कावर. आक्काने मात्र पार्काने दिलेली नावं कधी तोंडात घेतली नाहीत. लाटांचा तलाव म्हणजे तिचं "मोठं खाचर". लहान मुलांचं उथळ पाणी म्हणजे "रोपाचा वाफा". घसरगुंडीला ती "सासऱ्याचा माळ" म्हणायची. नवा गार्ड आला की त्याला आधी हा जुना नकाशा पाठ करावा लागे. बिहारमधून आलेला रामशरण वॉकीटॉकीवर ओरडायचा, "आक्का, सासरे के माळ पे लफडा!" आणि कॅन्टीनच्या रांगेतले पाहुणे दचकून बघायचे.

लफडा हा शब्द मात्र तिला चालत नसे. मारामारीला तिचा शब्द होता "लग्न". "मोठ्या खाचराला लगीन लागलंय" असं कानावर पडलं की चार गार्ड धावत सुटायचे आणि पाहुण्यांना वाटायचं, कुणाची तरी मेजवानी आहे. त्या वेळी माझंही एक काम असे. गाणी बंद केली तर सगळा पार्क भांडणाकडे तोंड करतो, म्हणून गाणी चालू ठेवायची आणि भांडणाच्या बरोब्बर उलट टोकाला रेन डान्स सुरू झाल्याची घोषणा ठोकायची. बघे निम्मे कमी झाले की भांडण निम्मं विझतं, हे आक्काचं म्हणणं. "भोंग्या," ती मला याच नावाने हाक मारायची, "मानूस येकटा आसल तर मारामारी करतच न्हाई. कुनी बघंना झालं की त्याचं हात दुकाया लागत्यात."

असल्या गोष्टी ती सरळ सांगायची, शिकवल्यासारखं नाही. गेटशेजारच्या गार्डखोलीत डबा खाताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगायची. लोक सुट्टीच्या दिवशी, पैसे देऊन, लेकराबाळांसमोर का भांडतात, यावर माझं एक भाषण तयार होतं. त्यात ऊन होतं, बिअर होती, शहरातला ताण होता. आक्का म्हणाली, "उगडा मानूस हाय त्यो. उगड्याला अब्रू जास्त. कापडात आसतो तवा अर्धी अब्रू कापडं सांबाळत्यात. पान्यात समदी येकट्याला सांबाळावी लागती." माझं भाषण मी तिथेच डब्यात बंद केलं.

पण चप्पल, लग्न, रेन डान्स हे सगळं वरवरचं. आक्काचं खरं कसब भांडण थांबल्यानंतर सुरू व्हायचं.

दुसरे गार्ड काय करतात? दोघांना पकडतात, दम देतात, गेटाबाहेर काढतात आणि हात झटकतात. पार्काचाही नियम तसाच: गेटाबाहेर आमची जबाबदारी नाही. आक्का म्हणायची, "ह्या खोऱ्याला वाट येकच. खाचराला मोरी येक आसली की आतलं पानी तितनंच जानार." मोरी म्हणजे भाताच्या खाचराच्या बांधाला पाणी जायला ठेवलेलं भोक. पार्काला गेटं दोन होती, पुढचं आणि मागचं, पण दोन्हींचे रस्ते अर्ध्या हाकेवर एकत्र होऊन घोटवड्याकडे उतरत. तिथे ना वस्ती, ना दिवे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ओढा. म्हणून ती भांडलेल्या दोघांना कधी एकदम सोडायची नाही. एकाला सोडायचं, दुसऱ्याला खोलीत बसवायचं, चहा पाजायचा, पहिला हिंजवडीपार गेला असेल एवढा वेळ काढायचा, मग दुसऱ्याला सोडायचं.

आणि आधी कुणाला सोडायचं, हे तर तिचं पक्कं ठरलेलं. मारणारा आधी. मार खाणारा मागून.

मला हे उफराटं वाटायचं. एकदा मी म्हणालो, "आक्का, हा कुठला न्याय? ज्याने मारलं तो आरामात घरी, आणि ज्याचं नाक फुटलं तो इथे तुझ्या चहाच्या कैदेत?"

"न्याय तुजा तू कर भोंग्यातनं," ती म्हणाली. "मारनाऱ्याचं प्वाट भरल्यालं आसतं. त्यो सरळ घरी जातो, जेवतो, झोपतो. ज्यानं मार खाल्ला त्यो उपाशी आसतो. त्याला पुडं सोडला की त्यो घरी जात न्हाई. वाटंत थांबतो."

मग तिने सासऱ्याची गोष्ट सांगितली. बांधावरून भावकीशी मारामारी झाली होती, ती नवी नवरी असताना. सासऱ्याने मार खाल्ला. पंच मंडळी जमली, सगळ्यांना म्हाताऱ्याची दया आली, म्हणाले, ह्याला आधी घरी जाऊ द्या, जखमा धुऊ द्या. "त्यो घरी आलाच न्हाई. म्या पानी तापवून बसले व्हते. त्यो वड्यात बसला व्हता कोयता घिऊन." चुलतसासऱ्याचा हात कोपरापासून गेला. सासरा तुरुंगात गेला आणि तिथेच संपला. हे सांगताना ती भाकरीबरोबर कांदा चावत होती. "तापवल्यालं पानी म्या मंग जनावरास्नी दिलं," म्हणाली.

तिचा हा नियम किती पक्का होता ते हिंजवडीच्या एका कंपनीच्या सहलीत दिसलं. वीस-पंचवीस जण आले होते, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, छातीवर एकीचा संदेश. रस्सीखेच लावली. रस्सी दोन मिनिटांत बाजूला पडली आणि हाताखालच्या एका पोराने आपल्या टीम लीडरला चिखलात लोळवून बडवला. आख्ख्या वर्षाचं अप्रेझल त्याने तिथल्या तिथे उरकलं म्हणा! आक्काने रिवाजाप्रमाणे पोराला आधी रवाना केलं आणि लीडर साहेबांना गार्डखोलीत बसवलं. चष्मा फुटलेला, बाही उसवलेली. तो चहा घेईना. इंग्रजीत शिव्या द्यायला लागला. आक्काने त्या पावसासारख्या अंगावर घेतल्या. मला म्हणाली, "इंग्रजी शिवी लागत न्हाई रं. नुसती वली करती."

शेवटी तो उठला. कॅब बोलावलीय, सोडा, त्याला रस्त्यावर गाठतो, म्हणाला. आक्का दारात उभी राहिली. दार तिने पुरतं भरलं, खिंडीत दगड बसावा तसं. त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिच्या कानाखाली वाजवली.

खोलीतला पंखासुद्धा थांबला असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलोय. पंखा तेवढाच फिरत होता. आम्ही थांबलो होतो.

आक्काने गालाला हात लावला नाही. दारातून बाजूला झाली. "झालं? भरलं प्वाट? आता जावा खुशाल."

तो कुठला जातो! तिथेच खुर्चीत बसला, तोंड लपवून, आणि बऱ्याच वेळाने मान खाली घालून गेला. रामशरण त्याला परत आणायला निघाला होता. आक्का त्याला म्हणाली, "आता त्यो मारनारा झाला. मारनाऱ्याला कोंडून काय उपेग?" आम्ही हसलो. पण तिच्या गालावर चार बोटं सुट्टी होईपर्यंत उमटलेली होती. ज्ञानेश्वरला बसस्टँडवर कुणीतरी सांगितलं आणि तो बसचं चाक खोलायची टॉमी घेऊन धावत आला. तिने त्याला तिथेच थोपवलं. "तुला मारलं का? न्हाई न्हवं? मंग तू कशाला रांगंत घुसतुयास?"

अशी ती. मेच्या सुट्टीतला तो रविवार येईपर्यंत मला वाटायचं, ह्या बाईला डोंगर अंगावर आला तरी ती त्यालाही विचारेल, आधी मारलं कुणी?

त्या रविवारी पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. लाटांच्या तलावाला भोंगा वाजला की लाटा सुटतात, लोक किंचाळत आत घुसतात. माझ्या मचाणावरून मला सगळा तलाव दिसायचा. काठापासून थोडं आत एक चाळिशीचा गृहस्थ मुलीला हातावर पालथी धरून पोहायला शिकवत होता. मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. बायको काठावर पाय सोडून बसली होती. माणूस लातूरकडचा, मारुंजीत भाड्याने राहणारा, एका ऑफिसात नोकरीला. नाव महेश. ही सगळी माहिती नंतरची. तेव्हा तो नुसता एक बाप होता.

भोंगा वाजला. तीन पोरं काठावरून पळत आली आणि उड्या टाकल्या. त्यातला एक बारका, विशीही न गाठलेला, नेमका त्या मुलीवर पडला. मुलगी खाली गेली. लाट वरून गेली. बापाने पाण्यात हात घालून चाचपलं, तिला वर ओढलं. ती निळी पडली होती, मग खोकली, मग रडली. आईने तिला घेतलं. आणि तो पोरगा हसला. घाबरूनही हसतात माणसं. मी वरून पाहत होतो, मला ते हसू घाबरल्याचं वाटलं. बापाला नाही वाटलं.

त्याने पोराला काठाशी ओढलं आणि मारायला लागला. पार्कातल्या मारामाऱ्या पुष्कळशा ओरडण्याच्या असतात. हा माणूस ओरडत नव्हता. काठाच्या निळ्या फरशीवर पोराचं तोंड धरून तो मारत होता, आणि थांबत नव्हता. मी रेन डान्सची घोषणा केली. पुन्हा केली. लोक सरकायला लागले. आक्का गुडघाभर पाण्यातून येताना दिसली, हातात चप्पल. "ह्ये कुनाचं? प्वार कुटं गेलं?"

त्याने बघितलंच नाही. त्याचं पोर आईच्या कडेवर होतं, त्याला दिसत होतं.

मग आक्काने चप्पल टाकली आणि स्वतः पोराच्या अंगावर आडवी पडली. दोन गुद्दे तिच्या पाठीत बसले. तिसरा उचललेला हात तसाच राहिला. तो माणूस मागे सरकला, पाण्यात बसला. "माझी मुलगी गेली असती," एवढंच म्हणाला, तेही कुणाला नाही.

दोघांना दोन खोल्यांत नेलं. मी खाली उतरलो, कारण गार्ड कमी पडत होते. पोरगा प्रथमोपचाराच्या खोलीत होता. नाक फुटलं होतं, एक दात गेला होता, ओठ दुभंगला होता. त्याला हुडहुडी भरली होती, आणि तो रडत होता. नुसता रडत नव्हता, हंबरत होता. आईला हाका मारत होता. तोही मारुंजीचाच, पण तिथला मूळचा. त्याच्या चुलत्यांच्या चाळीत त्या बापासारखीच माणसं भाड्याने राहतात. बोली सगळी आक्काची. तिच्या नऊवारीचा सोगा मुठीत धरून म्हणत होता, "आक्के, मला घरला जाऊ दी. मला आईकडं जायाचंय. आक्के, म्या मुद्दाम न्हाई केलं गं."

सिस्टरने नाकाला कापूस लावला, म्हणाली, घोटवड्याला डॉक्टरकडे न्या, टाके पडतील. पार्काची गाडी दुसऱ्या फेरीला गेली होती. त्याचे दोघे दोस्त मोटरसायकल घेऊन मागच्या गेटाला आले.

पुढच्या गेटाच्या गार्डखोलीत तो बाप बसला होता, ओल्या कपड्यांवर शर्ट चढवून. मुलगी मांडीवर झोपली होती. तो विचारत होता, "त्या मुलाला फार लागलंय का? दवाखान्याचं मी बघतो. मी येऊ का बरोबर?" आवाज सरळ, चेहरा कोरडा. हात तेवढे मुलीच्या केसांतून फिरत होते.

आक्का मागच्या गेटाला होती. रामशरणने गेटाची कडी धरलेली. त्याने पोराकडे पाहिलं, मग आक्काकडे. "आक्का, ये तो मार खाया हुआ है। पहले उधरवाला जाएगा ना?"

"गेट उघड," आक्का म्हणाली.

मोटरसायकल गेली. तिघे एकावर एक, मधे तो, दोस्ताच्या पाठीत तोंड खुपसून.

मग नेहमीसारखा वेळ काढणं आलं. आक्का पुढच्या खोलीत गेली, चहा मागवला. बायको पुन्हा पुन्हा विचारत होती, "मावशी, आम्ही निघू का? मुलीला ताप येईल." आक्का म्हणत होती, "बसा वाईच. त्यो पुडं जाऊ द्या. त्याला टाकं घालायचं हायेत." नवरा बायकोला म्हणाला, "बसू दे. चूक माझी आहे." त्याने चहा घेतला, कप उचलून खिडकीत नीट ठेवला, आक्काचे आभार मानले. मला वाटतं इतका शांत मारणारा आम्ही आधी कधी पाहिला नव्हता. पुरेसा वेळ गेल्यावर आक्का म्हणाली, "आता जावा." त्यांच्या स्कूटरवर मुलगी मधे बसली, आईच्या ओढणीने बापाला बांधलेली.

पोरं डॉक्टरकडे गेलीच नव्हती. ओढ्याच्या वळणावर थांबली होती. मारुंजीहून आणखी दोघांना फोन करून बोलावलं होतं, तेही पोचले होते. त्यांना एवढा वेळ मिळाला, तो सगळा त्या चहाचा.

काय झालं ते मी पाहिलं नाही आणि ज्यांनी पाहिलं त्यांना विचारलं नाही. बायकोला आणि मुलीला त्यांनी हात लावला नाही. दोघींना बाजूला उभं केलं, एवढं समजलं. महेश काही दिवस दवाखान्यात होता आणि तिथेच वारला. पोरं सगळी पकडली गेली. ज्याचं नाक फुटलं होतं, त्याच्या नाकाला टाके पोलिसांनी घालून आणले.

पार्कात मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "कुणी काही विचारलं तर एकच. किरकोळ बाचाबाची झाली, आपण ती मिटवली, पाहुणे आपापल्या मर्जीने गेले. गेटाबाहेर आपला संबंध नाही." मग आक्काकडे न बघता म्हणाले, "तुमच्या घरातले तिघं इथे आहेत, हे मी सांगायला नको." पोलीस आले, तेच ऐकून गेले. आधी कोण गेलं आणि नंतर कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. आरोपी सापडले होते, त्यांना त्याची गरज नव्हती.

आक्का कामावर येत राहिली. दोनदा "लगीन" लागलं, तेव्हा ती गेली, पण नुसती बाजूला उभी राहिली. भांडणं रामशरणने मोडली. आधी कुणाला सोडू, असं त्याने विचारलं की ती म्हणायची, "तुजं तू बग." मला भोंग्या म्हणणं तिने सोडलं. हाकच मारीना. डबा ती आता कॅन्टीनमागे एकटीच खायची. सून सांगायची, रात्री घरी जेवत नाहीत, जनावरांपाशी बसतात. मी तिला हसवायला एक-दोनदा काही अचाट सांगून पाहिलं, धरणात मगर आली, मगरीने तिकीट काढलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कवा?"

मी तिला शेवटचं पाहिलं ते दिवाळी होऊन गेल्यावर, एका मंगळवारी सकाळी. त्यानंतर ती पार्कात आली नाही. त्या दिवशी तलाव रिकामा केला होता आणि पोरं तळाला खराटे मारत होती. गेटाशी रिक्षा थांबली. त्यातून महेशची बायको उतरली. एकटीच होती. तिने मला ओळखलं नाही, रामशरणलाही नाही. "त्या मावशी कुठे आहेत? शर्टवाल्या?" तिने विचारलं.

कुणीतरी साहेबांना कळवलं. ते जवळजवळ धावतच आले, तिला ऑफिसात चला म्हणाले, पाणी घ्या म्हणाले. ती गेटातून हलली नाही. आक्का आतून चालत आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. बसचं इंजिन चालू ठेवून ज्ञानेश्वर खाली उतरला होता, कॅन्टीनच्या दारात सून होती.

"मला एकच विचारायचंय," ती बाई म्हणाली. "आम्हाला तुम्ही बसवून ठेवलंत. मी घरी सगळ्यांना सांगते, तर म्हणतात, असं कुणी बसवून ठेवत नाही, तुला आठवत नसेल. पोलिसांच्या कागदात तसं काही नाही. मला वेड लागलंय का?"

"ताई," साहेब मधे आले, "आम्ही कुणाला अडवत नाही, कुणाला सोडत नाही. पाहुणे आपापल्या मर्जीनं..."

"मी ह्यांना विचारतेय."

आक्काने एकदा ज्ञानेश्वरकडे पाहिलं.

"म्याच बसवलं तुमास्नी," ती म्हणाली.

"आक्का!" साहेब म्हणाले.

"आणि त्याला आधी सोडलं?"

"व्हय. म्याच सोडलं."

"तुम्ही नेहमी असंच करता?"

"न्हाई. येरवी मारनारा आदी जातो."

खाली खराटे चालू होते. त्या बाईचे ओठ हलले, बहुधा वेळेचा हिशेब करत असावी, त्या दिवशी ते केव्हा निघाले असते, कुठवर पोचले असते. मग तिने विचारलं, आवाज न चढवता, "मग त्या दिवशीच का?"

"प्वार रडत व्हतं, बाई."

"आणि हे?"

"त्ये रडत न्हवते," आक्का म्हणाली.